नऊ लॉकवरची कोळशाची बोट

ऑलिव्ह सगडनच्या तोंडी लागायचं नाही, हे आमच्या ब्रॅकनशॉच्या कालव्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. सहासष्ट वर्षांची बाई, उंची बेताची, दंड मात्र पैलवानाचे. चाळीस वर्षं झाली, ती कोळशाची बोट चालवते. बोटीचं नाव लॅपविंग. पुढच्या सगळ्या भागात कोळशाची पोती, डिझेलची टाकी, गॅसची सिलिंडरं. मागच्या खोलीत ऑलिव्ह, तिची शेगडी आणि एक खाट. घर म्हणाल तर तेवढंच.

बोट मुळात भावाची, विल्फची. ऑलिव्ह तेव्हा लोकरीच्या गिरणीच्या उपाहारगृहात बटाटे सोलायची. विल्फची पाठ धरली म्हणून ती दोन महिन्यांसाठी बोट सांभाळायला आली. पुढे विल्फ बरा झाला, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात चिकटला, आता तर त्याला जाऊनही बारा वर्षं झाली. पण ऑलिव्हचे ते दोन महिने काही संपले नाहीत. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "चौदा टन कोळसा ओढते मी. वर अजून एक माणूस ओढू?"

तर गोष्ट गेल्या ऑक्टोबरची. उन्हाळा सगळा कोरडा गेला होता. कालव्याला पाणी पुरवणारा डोंगरावरचा तलाव इतका आटला की तळाशी बुडालेल्या जुन्या शेतांच्या दगडी भिंती वर आल्या आणि लोक मुलांना घेऊन त्या बघायला जायला लागले. पण नुसता पाऊस नाही म्हणून बोंबलण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे डोंगर चढायला कालव्याला नऊ लॉक आहेत, एकापुढे एक. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी दारं असलेला दगडी हौद. खालून बोट आत घ्यायची, मागची दारं लावायची, वरच्या झडपा उघडून पाणी भरायचं, बोट पाण्याबरोबर वर उचलली जाते, की पुढची दारं उघडून निघायचं. दोन लॉकांच्या मधलं सपाट पाणी म्हणजे टप्पा. या दारांचं लाकूड कुजून दहा वर्षं झाली. कालव्याच्या ऑफिसची माणसं दरवर्षी येत, फोटो काढत, मान डोलवत आणि जात. जे थोडं पाणी होतं ते या फटींतून रात्रंदिवस खाली पळत होतं.

सोमवारी ऑलिव्हने डोंगराखालच्या वखारीत बोट भरली. मंगळवारी पहिल्या लॉकपाशी पोचली, तर दारावर कागद चिकटवलेला. पाणी कमी असल्यामुळे शनिवारी दुपारी बारापासून नऊही लॉक पुढील सूचनेपर्यंत बंद.

"पुढील सूचनेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत रे नॉर्मन?" तिने विचारलं.

नॉर्मन पिकल्स हा आमचा लॉकवाला. निवृत्त पोस्टमन, आता आवडीने, बिनपगारी लॉकवर उभा राहतो. माणूस सज्जन, पण नियम म्हणजे नियम. "मार्च म्हणतात," तो म्हणाला. "ऑलिव्ह, खरं सांगू का, तू वर जायच्या भानगडीत पडू नकोस. पाचव्याच्या पुढच्या टप्प्यात गुडघाभरसुद्धा पाणी नाही. पाचव्याचं वरचं दार चाळणीसारखं गळतंय. आणि समजा गेलीस वर, तरी खाली कशी येणार?"

"खाली यायचं मी बघेन. मला वर जायचंय."

वर जायचंच होतं, कारण वर अकरा बोटी होत्या. डोंगरमाथ्यावरच्या सपाट टप्प्यात, काठाला बांधलेल्या, आणि प्रत्येकीत माणसं राहत होती. तिथून डांबरी रस्ता म्हणजे मेंढ्यांच्या कुरणातून अर्ध्या तासाची चाल. ट्रक जात नाही. हिवाळ्याचा कोळसा आजवर जो गेला तो लॅपविंगमधूनच गेला. बाकीचे दहाजण तरुण, धडधाकट. पाठीवरून पोती आणतील, लाकडं तोडतील, नाहीतर कुरकुरत निभावतील. पण अकरावा सिरिल थ्वेट होता.

सिरिल एक्क्याऐंशी वर्षांचा. दोन्ही गुडघे गेलेले. पंचवीस वर्षं तो आपल्या बोटीवर राहतो, आणि बायको वारल्यावर त्याच बोटीवर एकटा राहतो. त्याची मुलगी मेरियन शहरात शाळेत शिकवते. वाईट मुलगी नाही हो, उलट फारच चांगली, म्हणून तर पंचाईत. तिने ती सूचना ऑफिसच्या इंटरनेटवरच्या पानावर वाचली आणि बापाला फोनवर सांगून टाकलं, "बाबा, शनिवारी बारापर्यंत कोळसा आला तर ठीक. नाही आला तर तुम्ही माझ्याबरोबर येताय. माझ्याकडची खोली तयार आहे. बोट विकून टाकू."

हे सिरिलने ऑलिव्हला फोनवर सांगितलं. तक्रार केली नाही, रडला नाही. नुसतं म्हणाला, "तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे गं पोरी. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो." मग गप्प बसला. सिरिल गप्प बसलेला ऑलिव्हने पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता.

"शनिवारी बाराच्या आत येते," ती म्हणाली. "केटली ठेव."

बोलून तर बसली. आता पाचव्या लॉकचं काय करायचं?

यावर आमच्या कालव्यावर एक जुना उपाय आहे. हल्लीच्या लोकांना तो ठाऊक नाही, ऑफिसला तर मुळीच नाही. गळणाऱ्या दाराच्या वरच्या अंगाला, पाण्यात, कोळशाची बारीक राख ओतायची. पाणी फटीकडे धावतं, ते राखेला बरोबर घेऊन जातं, आणि राख त्या फटीत जाऊन गच्च बसते. विल्फ करायचा, त्याच्या आधीचे सगळे करायचे. मात्र राख पाहिजे, आणि भरपूर पाहिजे.

बुधवारी ऑलिव्ह खालच्या सगळ्या बोटी फिरली. दारावर थाप मारायची आणि म्हणायचं, "शेगडी साफ करा, राख द्या." लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. एकीने विचारलं, "गुलाबांना घालायची का?" ऑलिव्ह म्हणाली, "दाराला घालायची. बादली भरून दे, प्रश्न नंतर विचार." संध्याकाळपर्यंत चौदा बादल्या आणि दोन पोती राख जमली.

गुरुवारी नॉर्मनने वरून थोडं पाणी सोडलं. तेवढी त्याला परवानगी होती. ऑलिव्ह पाचव्याच्या दारावर पालथी पडून फावड्याने राख सोडत राहिली. राख पाण्यावर पसरायची, गरगरायची आणि फटीकडे ओढली जायची. पहिल्या सहा बादल्यांनी काहीही झालं नाही. नॉर्मन घड्याळ बघायला लागला. दहाव्या बादलीला दारापलीकडचा धो-धो आवाज बारीक झाला. तेराव्याला नुसतं टिपटिप राहिलं.

"हात्तेच्या!" नॉर्मन म्हणाला. "आणि ऑफिस म्हणतं दोन लाख पौंडांची नवी दारं लागतील!"

"लागतीलच," ऑलिव्ह म्हणाली. तिच्या तोंडावर राखेचा थर बसला होता, दात तेवढे पांढरे दिसत होते. "राख वसंतापर्यंत टिकते. दारं म्हणजे दारं."

शुक्रवारी ती चढायला लागली. पाणी वाचवायला लॉक फक्त नऊ ते तीन उघडत. भरलेली बोट अडीच फूट पाण्यात बुडते, आणि कालव्याच्या तळाशी काय काय असतं ते विचारू नका. दुसऱ्या लॉकपुढे बोट एका जुन्या गादीवर चढली, तिसऱ्यापुढे सायकलवर. दर वेळी लांब काठी घेऊन ढकल, मागे घे, पुन्हा ढकल. तीनला पाच मिनिटं असताना ती पाचव्यातून बाहेर पडली आणि सहाव्याच्या खाली बोट बांधली. सकाळी वेळ जायला नको म्हणून तिने सहाव्या लॉकमधलं पाणी सोडून तो रिकामा करून ठेवला, म्हणजे उद्या सरळ आत शिरता येईल. तेवढ्यात नॉर्मनने खालून हाक मारली, "ऑलिव्ह, तीन वाजले! पाचव्याचं दार लावायला हात दे!" ती धावली. दार लावलं, बोटीवर आली, चहा केला, आल्याच्या चिकट पार्किन केकचा मोठा तुकडा खाल्ला आणि बूट न काढता झोपली.

शनिवारी नऊला ती आणि नॉर्मन सहाव्या लॉकवर चढले. वरच्या टप्प्यात पाणी नव्हतं.

नुसता चिखल. मधोमध एक ओहोळ, त्यात एक बदक उभं. हो, उभं!

नॉर्मनचा चेहरा लालबुंद झाला. "गावातली टोळकी!" तो ओरडला. "रात्री येऊन झडपा उघडतात हरामखोर. मी ऑफिसला दहादा कळवलंय, कॅमेरा बसवा, कॅमेरा बसवा!"

 ऑलिव्ह खालच्या दाराकडे बघत होती. तिथली झडप उघडी होती, आणि झडप फिरवायचं हँडल अजून तिच्या दांड्यावरच होतं. हँडलला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. कालव्यावर प्रत्येकाचं हँडल वेगळं असतं, आणि लाल पट्टीचं कुणाचं ते नॉर्मनच काय, बदकालाही माहीत होतं. लॉक रिकामा केला की झडप खाली पाडून बंद करायची, हे ती झोपेतसुद्धा करायची. काल हाक आली आणि राहून गेलं. मग वरच्या दारातून रात्रभर पाणी झिरपत राहिलं, आणि उघड्या झडपेतून सरळ निघून गेलं. झडप बंद असती तर लॉक हळूहळू भरला असता आणि गळती तिथंच थांबली असती.

नॉर्मनचं अजून तिकडे लक्ष नव्हतं. दोन पावलं टाकून हँडल खिशात घालायचं, एवढंच काम होतं. खरं सांगायचं तर ती ती दोन पावलं चाललीही. हँडलवर हात ठेवला आणि थांबली.

"टोळकी नाही," ती म्हणाली. "मी. काल झडप पाडायची राहिली."

"तू?"

"मी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मुहूर्त बघ कसला साधला."  ती दाराच्या लांब लाकडी दांड्यावर मटकन बसली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वर फोन करायचं तोंड होईना. सिरिलच्या खिडकीतला तो गाड्यांचा तळ तिला दिसायला लागला.

नॉर्मन तिच्याशेजारी बसला.  मग म्हणाला, "एकच मार्ग आहे. माथ्यावरच्या टप्प्यातलं पाणी खाली सोडायचं. नववा, आठवा, सातवा, असं करत इथपर्यंत आणायचं. तासाभरात भरेल. पण वरचं पाणी वीतभर उतरेल. ते लोक राहतात त्यावर. त्यांच्या बोटी चिखलाला टेकतील, कलतील, आणि पाऊस पडेपर्यंत तशाच राहतील. मी माझ्या मनाने झडप उघडणार नाही. त्यांना विचार. एकजण जरी नको म्हणाला, तरी नाही."

ऑलिव्हने फोन लावला. सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा, एका दमात.

पलीकडून सिरिल इतका जोरात हसला की नॉर्मनलाही ऐकू आलं. "अगं पोरी, मी ही चूक तीनदा केलीय. तिन्ही वेळा सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांवर ढकलली! थांब, विचारतो सगळ्यांना."

"सिरिल, तुझी बोट कलेल. तुझ्या बोटीखाली आधीच पाणी कमी आहे."

"मला डोळे आहेत," म्हातारा म्हणाला आणि फोन ठेवला.

पंधरा मिनिटं गेली. पावणेदहाला वरून पाण्याचा आवाज आला, म्हणजे सगळे हो म्हणाले होते. ऑलिव्ह धापा टाकत काठच्या वाटेने वर गेली, तर नवव्या लॉकवर सिरिल स्वतः उभा, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने झडप फिरवतोय. मागे बोटीवरचे सातआठ जण. शेजारी मेरियन, शहरातला लांब कोट घालून, रागाने पांढरी पडलेली. ती बापाला न्यायला सकाळीच आली होती.

"ऑलिव्हमावशी, तू तरी सांग ना यांना! स्वतःच्या बोटीखालचं पाणी स्वतःच सोडतायत! वेडेपणाला काही सीमा?"

"वेडेपणा आहेच," ऑलिव्ह म्हणाली. "पण आता सोडलंय, तर वाया घालवू नकोस. ते दार ढकल."

"मी?"

"पाठ लाव आणि पायांनी ढकल. सुट्टीत यायचीस तेव्हा ढकलायचीस. विसरलीस?"

मेरियनने कोटासकट दाराला पाठ लावली.

पावणेअकराला सहाव्याच्या वरचा टप्पा पुरेसा भरला. मग जी धावपळ झाली ती अजून लोक सांगतात. दोघंजण पुढे पळून सातवा तयार करत, दोघं आठवा. ऑलिव्ह सुकाणूला. नॉर्मन घड्याळ हातात धरून बारा म्हणजे बारा असं बजावत होता, आणि बजावता बजावता स्वतःच सगळ्यांत जोरात झडपा फिरवत होता. आठव्यात बोट शिरेना. पाण्यातली एक फळी दारामागे अडकली होती, दार पुरतं उघडत नव्हतं. सात मिनिटं गेली. ऑलिव्ह तेवढ्या वेळात जे बोलली ते छापता येणार नाही. शेवटी मेरियनने काठावर आडवं पडून काठीच्या आकड्याने फळी ओढून काढली. कोटाचं जे व्हायचं ते झालं.

बाराला चार मिनिटं असताना लॅपविंग नवव्यातून माथ्यावर आली. नॉर्मनने तिच्यामागे दारं लावली, साखळी ओवली आणि कुलूप घातलं. मग तो तिथंच वाटेवर बसून घाम पुसायला लागला.

आणि लॅपविंग? ती शंभर पावलं गेली आणि थांबली. पाणी उतरलेलं होतं. तळ चिखलात रुतला. ऑलिव्हने इंजिनाला शिव्या घातल्या, काठी लावली, सगळ्यांनी दोर ओढला. ढिम्म. सिरिलची बोट अजून दोनशे पावलं लांब होती, आणि ती चांगलीच कललेली दिसत होती.

"राहू दे," ऑलिव्ह म्हणाली. "हातगाड्या काढा."

सिरिलची तीस पोती आधी नेली. एकेक पोतं पंचवीस किलोचं. ऑलिव्हने स्वतः आठ नेली. शेवटचं टाकून ती सिरिलच्या बोटीत वाकून शिरली, तेव्हा आत बापलेकीचं जुंपलं होतं. टेबल तिरकं, चहाचा मग उतरणीच्या बाजूने पुस्तकाला टेकवलेला. सिरिल खाटेच्या वरच्या टोकाला धरून बसला होता.

"कोळसा आला," तो म्हणत होता. "बाराच्या आत आला. तूच म्हणाली होतीस."

"मला दिसतंय आला ते! मीच वाहिला ना!" मेरियनच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, मला कोळशाचं नाही हो पडलंय. मला वाटलं कोळसा नाही म्हटल्यावर तरी तुम्ही याल. जानेवारीत बर्फ पडेल. हे बाकीचे सगळे दिवसा कामाला जातात. तुम्ही या कललेल्या फरशीवर घसरून पडलात तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळणार आहे? कोण येणार आहे बघायला? मावशी पोती टाकणार आणि जाणार!"

  सिरिलने हळूच काठी जवळ ओढली, मुलीबरोबर जायला उठायच्या तयारीने. ऑलिव्हला ते बघवेना.

"जाणार?" ती दारातून म्हणाली. "कुठं जाणार मी?"

मेरियन वळली. "खाली. वखारीत."

"अगं बाई, नॉर्मनने मागे कुलूप घातलंय ते बघितलंस ना? मार्चपर्यंत एकही लॉक उघडत नाही. मंगळवारी तो कागद वाचला तेव्हाच मला ठाऊक होतं, वर गेले की हिवाळाभर वरच. आता तर दोनशे पावलांवर रुतून बसलेय. या म्हाताऱ्याच्या धुराड्यातून सकाळी धूर निघाला नाही, तर मला माझ्या खाटेवरून दिसणार आहे."

 मेरियन तिच्याकडे बघत राहिली. काळे हात, काळं तोंड, चिखलाने भरलेले बूट.

"म्हणजे तू... सगळा हिवाळा? इथं?"

"मग काय उडून जाऊ? रोज सकाळी येईन. याच्या हातचा चहा भयंकर असतो, पण येईन."

मेरियनने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. तिथला सगळा कोळसा तोंडाला लागला. मग तिने बापाच्या हातातली काठी घेतली आणि भिंतीला उभी करून ठेवली.

"बसा बाबा," ती म्हणाली. "शेगडी मी पेटवते."